कोवळ्या ज्वारीतील विष : ते कसे घडते व गुरे का दगावतात

मृगाच्या पावसावर पेरलेली ज्वारी गुडघ्याला लागते न लागते तोच पावसाने ओढ द्यावी, घरातील वैरणीची गंजी संपत आलेली असावी, आणि दावे तोडून सुटलेला बैल रात्रीतून त्या पिकात शिरावा. सकाळी धनी पाहतो तो बैल बांधाशी मरून पडलेला. ज्वारीच्या मुलुखात असा प्रसंग नवा नाही. अंगावर जखम नसते, आजाराची काही पूर्वसूचना मिळालेली नसते. सापाने दंश केला असावा असे कोणी म्हणतो, कोणाला विषप्रयोगाचा संशय येतो, आणि शेजाऱ्याशी बांधावरून वैर असेल तर गोष्ट पोलीस पाटलापर्यंत जाते. खरा अपराधी मात्र त्याच शेतात उभा असतो. बैलाने खाल्लेली अर्धवट सुकलेली, खुरटलेली ज्वारी हेच त्याच्या मृत्यूचे कारण असते.

ज्या ज्वारीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या पोटात जाते आणि जिचा कडबा गुरांचा मुख्य आधार आहे, तीच ज्वारी कोवळेपणी प्राणघातक का व्हावी, हा प्रश्न साहजिक आहे. कोवळी ज्वारी घालू नये एवढे पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक असते. परंतु ‘कोवळी’ म्हणजे किती दिवसांची, पाणी दिलेली व पाण्यावाचून राहिलेली ज्वारी यांत फरक का पडतो, कापून वाळविल्यावर भीती का कमी होते, या प्रश्नांची उत्तरे नुसत्या इशाऱ्यातून मिळत नाहीत. ती मिळण्यासाठी हे विष रोपात कसे तयार होते हे समजून घ्यावे लागते. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही माहिती नीट पचविल्यास नियम पाठ करण्याची त्यांना गरज राहणार नाही. प्रसंग पाहून नियम आपोआप सुचेल.

दोन कोठ्यांत ठेवलेले विष

ज्वारीतील विषाचे नाव हायड्रोसायनिक आम्ल. हायड्रोजन, कर्ब व नत्र यांचा प्रत्येकी एकेक अणू मिळून ते बनते. सुमारे २६ अंश सेल्सिअस उष्णतेस ते उकळून वायुरूप होते. असा उडून जाणारा आणि रोपाच्या स्वतःच्याही जिवावर उठणारा पदार्थ मोकळा साठविणे कोणत्याही वनस्पतीस परवडणारे नाही. शाबूत, टवटवीत ज्वारीच्या पानात मोकळे आम्ल जवळजवळ नसतेच. रोप ते साखरेशी जखडून ठेवते, आणि या जखडलेल्या पदार्थास धुरिन असे म्हणतात. डन्स्टन व हेन्री या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली ईजिप्तमधील कोवळ्या ज्वारीच्या अभ्यासातून तो शोधून काढला. ज्वारीस अरबी भाषेत ‘धुरा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. एक ग्रॅम शुद्ध धुरिन पूर्णपणे फुटले तर त्यातून सुमारे ८७ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल सुटते.

धुरिन स्वतः निरुपद्रवी असते. ते फोडणारे एक विकर, म्हणजे ज्यास एन्झाइम म्हणतात ते द्रव्य, त्याच पानात असते. मोड आलेल्या धान्यास जी गोडी येते ती विकरांचीच करणी होय. स्वतः न संपता एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर घडवून आणणे हे त्यांचे काम. मात्र ज्वारीने मोठी सावधगिरी बाळगलेली आहे. पानाच्या पृष्ठभागावरील सालीच्या पेशींत धुरिन साठविलेले असते, तर ते फोडणारे विकर आतील हिरव्या गराच्या पेशींत असते. दारू एका कोठीत आणि ठिणगी दुसऱ्या कोठीत, असा हा प्रकार आहे. पान शाबूत असेपर्यंत दोहोंची गाठ पडत नाही. जनावराने पान चावले, पायाखाली तुडविले, किंवा उन्हाने ते कोमेजून पेशी फुटल्या, की कोठ्यांमधील भिंत पडते. विकर धुरिनातील साखर तोडून बाजूला करते आणि उरलेला भाग क्षणार्धात दुभंगून हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते.

पेशीतील लोहारकाम

रोप हे विष जमिनीतून शोषून घेत नाही. ते टायरोसीन या अमिनो आम्लापासून बनविले जाते. टायरोसीन हा काही दुर्मिळ किंवा वाईट पदार्थ नव्हे. दूध, डाळी, मांस यांतील प्रथिनांत तो असतो व माणसाच्या शरीरातही असतो. अशा गरीब पदार्थाचे जहाल विषात रूपांतर करण्यास ज्वारीला केवळ तीन विकरे पुरतात. हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे, कारण सृष्टीतील असंख्य औषधी द्रव्ये, रंग, सुगंध आणि कडवटपणा याच रीतीने घडलेले आहेत.

तिन्हींपैकी पहिली दोन विकरे ‘पी-४५०’ नावाच्या एका मोठ्या कुळातील आहेत. कार्बन मोनॉक्साइड या वायूशी संयोग झाल्यावर ही द्रव्ये ४५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी शोषतात, त्यावरून हे नाव पडले. त्यांच्या गाभ्यात लोहाचा एकच अणू असतो. रक्ताच्या लाल द्रव्यात लोह ज्या प्रकारच्या चौकटीत बसविलेले असते, तशाच चौकटीत तो येथेही बसलेला असतो. रक्तातील लोह प्राणवायूची ने-आण करते. पी-४५० मधील लोह प्राणवायूस फोडते.

हवेतील प्राणवायूचे अणू जोडीने राहतात आणि ही जोडी सहजी सुटत नाही. नाही तर कडब्याच्या गंजीने ठिणगीवाचून पेट घेतला असता. विकर ही जोडी आपल्या लोहावर घेते, एका सहायक विकराकडून दोन इलेक्ट्रॉन पाठोपाठ मिळविते आणि त्यांच्या बळावर जोडी तोडते. एका अणूचे पाणी होऊन ते निघून जाते. दुसरा अणू लोहावर एकटाच उरतो. या अवस्थेतील लोह व प्राणवायू यांची जोडी विलक्षण आक्रमक असते. जवळ येईल त्या पदार्थाचा हायड्रोजन ती हिसकावून घेते आणि त्या जागी प्राणवायू बसवून मोकळी होते. ही अवस्था इतकी अल्पकाळ टिकते की ती असलीच पाहिजे असे अनेक वर्षे केवळ अनुमानाने मानले जात होते. २०१० साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील रिटल व ग्रीन यांनी उष्णताप्रिय सूक्ष्मजीवाच्या एका पी-४५० विकरामध्ये ती प्रत्यक्ष पकडून तिची परीक्षा केली.

लोहार भट्टीतून काढलेले लालबुंद लोखंड सांडशीत धरून घणाचे घाव घालतो. लोखंड तापलेले नसेल तर घाव वाया जातो, आणि सांडशी सुटली तर लोखंड ज्यावर पडेल ते जाळते. विकराचे काम याच जातीचे आहे. थंड, सुस्त पदार्थांतून नवे पदार्थ घडत नाहीत. मधल्या पायऱ्यांवर काही तरी अतिशय उतावीळ असे निर्माण करावेच लागते. विकराचे खरे कौशल्य ते निर्माण करण्यात आहे, त्याहूनही अधिक ते धरून ठेवण्यात आहे.

ज्वारीतील पहिले विकर टायरोसीनच्या नत्रावर दोन वेळा प्राणवायू बसविते. दुसऱ्यांदा बसविल्यावर तो पदार्थ टिकू शकत नाही. त्यातून पाणी व कर्बवायू निघून जातात आणि ऑक्झाइम या वर्गातील पदार्थ शिल्लक राहतो. आता दुसरे विकर पुढे येते. ते ऑक्झाइमातून पाणी काढून घेते, त्याबरोबर कर्ब व नत्र यांचा तिहेरी बंध जुळतो. हाच त्या विषाचा गाभा होय. त्याच झटक्यात हे विकर शेजारच्या कर्बावर आणखी एक प्राणवायू बसविते. येथपर्यंत जो पदार्थ तयार झाला तो सर्वांत धोक्याचा, कारण तो आपोआप दुभंगतो आणि दुभंगताच हायड्रोसायनिक आम्ल सुटते. तिसरे विकर त्यास ती उसंत देत नाही. ते ताबडतोब त्याच्या डोक्यावर द्राक्षशर्करेचा एक अणुसमूह टोपीसारखा बसविते. टोपी बसली की धुरिन तयार झाले, आणि धुरिन साठविण्यास निर्धोक आहे.

सांडशी सुटू नये म्हणून

कॅलिफोर्नियातील एरिक कॉन व डेन्मार्कचे मोलर या दोघांनी अंधारात उगवलेल्या ज्वारीच्या कोंबांवर या विषयाचे प्रदीर्घ संशोधन केले. अशा कोंबाच्या टोकाच्या भागात धुरिनाचे प्रमाण शुष्क वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. संशोधनास यापेक्षा चांगला माल मिळणे कठीणच. टायरोसीनच्या नत्रावर पहिला प्राणवायू बसतो ही पायरी त्यांनी १९७९ साली दाखवून दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी असे दाखविले की, मधले पदार्थ पेशीत इतस्ततः पसरत नाहीत. एका विकराकडून दुसऱ्याकडे ते जणू हातोहात दिले जातात. कोपनहेगन येथील संशोधकांनी २०१६ साली या प्रकरणाचा बराच उलगडा केला. पेशीतील एका पातळ पापुद्र्यात ही विकरे एकमेकांस बिलगून बसलेली असतात, आणि म्हणूनच मधला घातक माल वाटेत सांडत नाही.

वाटेत सांडला तर काय होते हेही प्रयोगाने पाहिले गेले आहे. मोहरीच्या कुळातील एका इवल्याशा रोपात, ज्यात धुरिन मुळीच नसते, ज्वारीची तिन्ही विकरे बसविण्यात आली. ते रोप धुरिन तयार करू लागले, चांगले वाढलेही, आणि त्याची पाने कुरतडणाऱ्या एका भुंगेऱ्याने ती खाण्याचे टाळले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिसरे, म्हणजे टोपी बसविणारे विकर वगळून केवळ पहिली दोन बसविली, तेव्हा रोपे खुरटली. शत्रूसाठी तयार केलेले शस्त्र हाताळता न आल्याने घरच्यांनाच लागावे, तसा हा प्रकार. ज्वारीने हे विष कशासाठी बाळगले आहे, याचाही उलगडा भुंगेऱ्याच्या या प्रयोगातून बराचसा होतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, हा कारखाना कोवळ्या, वाढत्या पेशींतच जोरात चालतो. उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धुरिन सर्वाधिक असते. पुढे नवे धुरिन तयार होणे मंदावते, पानांचा व धांड्यांचा पसारा वाढतो, आणि तेच विष मोठ्या वजनात विरळ होत जाते. पक्व दाण्यात ते राहत नाही, म्हणून भाकरी खाणाऱ्याने चिंता करण्याचे कारण नाही. मात्र तोच दाणा भिजवून मोड आणले की कारखाना पुन्हा सुरू होतो. ज्वारीच्या मोडांचे माल्ट करणाऱ्या गृहिणींनी मोड व मुळ्या वाळवून, चोळून पूर्णपणे काढून टाकाव्यात आणि दाणे भाजून घ्यावेत. हिरवे मोड कच्चे खाऊ नयेत.

गुराच्या पोटात काय घडते

रवंथ करणाऱ्या जनावरांस हे विष घोड्यापेक्षा अधिक बाधते. घोड्याच्या जठरातील तीव्र आम्लात पानातील विकर नष्ट होते. बैलाच्या पहिल्या कोठ्यात तसे आम्ल नसते, भरपूर पाणी व ऊब असते, आणि तेथील असंख्य सूक्ष्मजंतूंजवळ धुरिन फोडणारी स्वतःची विकरेही असतात. पानातील विकर कमी पडले तरी काम अडत नाही. सुटलेले आम्ल तत्काळ रक्तात मिसळते.

येथे लोहाची पुन्हा गाठ पडते. शरीरातील प्रत्येक पेशीत प्राणवायू वापरणारे जे अखेरचे विकर असते, त्याच्या गाभ्यातही लोह आहे. हायड्रोसायनिक आम्ल त्या लोहास जाऊन चिकटते व विकर बंद पडते. फुप्फुसे हवा घेत असतात, रक्त प्राणवायूने भरलेले असते, तरी पेशींना तो वापरता येत नाही; नदी दुथडी भरून वाहावी आणि मोटेचा दोर तुटलेला असावा, तशी स्थिती होते. म्हणूनच विष बाधलेल्या जनावराच्या शिरेतील रक्तही काळपट न दिसता लालभडक दिसते, आणि डोळ्याच्या पापणीची आतली बाजू व हिरड्या लाल होतात.

शरीर अगदीच हतबल असते असे नाही. यकृतातील एक विकर गंधकाच्या साहाय्याने या विषाचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते व तो पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो. परंतु हे काम सावकाश चालते. त्यामुळे किती विष पोटात गेले यापेक्षा किती वेळात गेले याला जास्त महत्त्व येते. गुरास प्राणघातक मात्रा वजनाच्या दर किलोस सुमारे २ मिलिग्रॅम मानली जाते. ३०० किलो वजनाच्या बैलास हा हिशेब सुमारे ६०० मिलिग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक होतो. एक किलो हिरव्या चाऱ्यात एवढे विष असेल आणि भुकेल्या बैलाने तो घाईघाईने गिळला, तर तेवढ्यावरही प्राण जाऊ शकतो. तेच विष दिवसभरात थोडेथोडे पोटात गेले तर जनावर बहुधा निभावते. उपाशी जनावर अधिक दगावते त्याचे कारण त्याची घाई हेच होय. रात्री दावे तोडून शेतात शिरलेल्या बैलाचा घात याच घाईने होतो.

चारा केव्हा घातक, केव्हा निर्धोक

या विवेचनावरून चाऱ्याचे बरेचसे नियम ओळीने लागतात. सर्वांत वाईट स्थिती पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीची. ताणाने वाढ थांबते, त्यामुळे विष विरळ होत नाही. वर पाने कोमेजून पेशी फुटल्याने काही आम्ल आधीच मोकळे झालेले असते. पाने सुकली म्हणजे विष उडाले, ही समजूत अर्धवट सुकलेल्या पानांबाबत घातक आहे. ताणानंतर पाऊस पडून जे हिरवेगार फुटवे येतात तेही तितकेच धोक्याचे, कारण ते पुन्हा कोवळेच असतात. कापणीनंतर धसकटांतून निघणारे फुटवे, खोडमाशीने पोंगेमर होऊन बाजूने फुटलेली रोपे आणि खोडव्याचे पहिले कोंब या साऱ्यांची गणना याच वर्गात करावी. रब्बी ज्वारी निघाल्यावर वळवाचा एखादा पाऊस झाला की सोलापूर, बीड, धाराशिव या भागांतील रानांत धसकटे फुटतात आणि नेमक्या त्याच वेळी गुरे मोकळी सोडली जातात. या दिवसांत गुराख्यास बजावून ठेवणे अगत्याचे आहे. बांधावर वाढणारे बरू हे गवत ज्वारीचेच भाऊबंद असून त्यातही धुरिन असते.

नत्रखताचा संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विषाच्या प्रत्येक कणात नत्राचा एक अणू असतो. नायट्रेट दिल्यावर मोठ्या रोपांतही पहिल्या विकराचे व धुरिनाचे प्रमाण वाढते, असे कोपनहेगनच्याच संशोधकांनी २००२ साली दाखविले. युरियाचा भरपूर हप्ता देऊन लगेच वैरण कापणे, तेही स्फुरद कमी असलेल्या जमिनीत, हितावह नाही.

हिरवी वैरण निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावर कापावी, हा सर्वांत भरवशाचा नियम. मालदांडी असो की चाऱ्यासाठी काढलेली रुचिरा असो, जात बदलल्याने प्रमाण कमीअधिक होते, पण कोवळेपणीची भीती टळत नाही. उन्हाळी कडवळास कापणीपूर्वी पाण्याची एक-दोन पाळी द्यावी. हिरवी ज्वारी घालण्यापूर्वी जनावरांस थोडा वाळलेला कडबा चारून त्यांची भूक मारावी, आणि हिरवी वैरण कोरडीत मिसळून थोडी थोडी द्यावी. कुट्टी केल्याने विष जाते असा काहींचा समज आहे, तो खरा नाही. कुट्टी केलेला चारा उलट भराभर खाल्ला जातो. बाजरी व मका यांत धुरिन नसल्याने शंका येईल तेव्हा त्यांचा आधार घ्यावा.

चांगला खडखडीत वाळविलेला चारा पुष्कळ अंशी निर्धोक होतो, कारण फुटलेल्या पेशींतील आम्ल हवेत उडून जाते. मात्र अतिशय कोवळा व ताण बसलेला माल वाळवूनही पूर्ण भरवशाचा होत नाही. अशा मालाचा मुरघास करणे बरे. मुरत असताना बरेचसे धुरिन फुटते आणि खड्डा उघडल्यावर आम्ल निघून जाते. म्हणून मुरघास सहा ते आठ आठवडे मुरू द्यावा आणि काढल्यावर काही वेळ मोकळ्या हवेत पसरून मगच दावणीत टाकावा.

प्रयोगशाळेत शुष्क चाऱ्याच्या दर किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आम्ल आढळल्यास तो चारा सामान्यतः चालू शकतो. १००० च्या वर तो घातक समजला जातो. मधल्या मापाचा चारा कडब्यात मिसळूनच द्यावा. खेड्यात झटपट अंदाज घेण्यासाठी पिक्रेटच्या पट्टीची परीक्षा आहे. चुरगळलेली पाने बाटलीत घालून त्यांवर क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब टाकतात, पिक्रेटमध्ये भिजविलेल्या कागदाची पिवळी पट्टी बुचाला अडकवून पानांना न लागेल अशी आत लोंबती सोडतात आणि बूच घट्ट बसवितात. विषाच्या प्रमाणानुसार पट्टी नारिंगी व पुढे विटकरी होते. पट्टी झटकन विटकरी झाली तर त्या पिकात गुरे सोडू नयेत. पट्ट्या मात्र प्रयोगशाळेतूनच तयार आणाव्यात. पिक्रिक आम्ल कोरड्या स्थितीत स्फोटक असते. ते घरी आणून ठेवण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

विषबाधा झाल्यास

चारा खाल्ल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतही लक्षणे दिसू लागतात. श्वास जोरात चालतो, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, चाल अडखळते. मग जनावर खाली बसते, पाय झाडते व आचके देते. कडू बदामासारखा वास कधी तोंडाला येतो, पण तो सर्वांच्याच नाकाला जाणवत नाही. न आला म्हणून विष नाही असे धरू नये. पहिल्या एक-दोन तासांतून निभावलेले जनावर बहुधा वाचते.

प्रथम उरलेली सर्व जनावरे त्या शेतातून सावकाश, न पिटाळता बाहेर काढावीत. बाधलेल्या जनावरास पळवू नये, उन्हात ठेवू नये. धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात नळीने किंवा बाटलीने काही ओतण्याचा मोह टाळावा, कारण ते फुप्फुसात जाऊन नवेच संकट ओढवते. पशुवैद्यकास तत्काळ निरोप धाडावा, आणि निरोपात ‘ज्वारी खाल्ली आहे’ हे शब्द अवश्य सांगावेत, म्हणजे तो योग्य औषध बरोबर घेऊन निघेल.

ते औषध म्हणजे शिरेतून द्यावयाचे सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट. पहिल्यामुळे रक्ताच्या लाल द्रव्यातील काही लोहाची अवस्था बदलते. हे बदललेले लोह विषास आपल्याकडे ओढून घेते आणि पेशींतील विकर मोकळे होते. दुसरे औषध गंधक पुरविते, त्यायोगे यकृतातील विकराचे काम झपाट्याने चालते. कोठ्यात उरलेल्या विषासाठी थायोसल्फेट तोंडावाटेही दिले जाते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावयाची आहे.

येथे एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ताण बसलेल्या व भरपूर नत्र दिलेल्या ज्वारीत नायट्रेटही साठते आणि त्यानेही गुरे धापा टाकून मरतात. दोन्ही बाधांची बाह्य लक्षणे जवळजवळ सारखी असतात. परंतु नायट्रेटच्या बाधेत रक्त तपकिरी, काळपट होते, आणि अशा जनावरास सोडियम नायट्राइट टोचले तर औषधच त्याचा प्राण घेते. म्हणून पशुवैद्यक येईपर्यंत जनावराजवळ असणाऱ्याने हिरड्यांचा व पापणीच्या आतील भागाचा रंग पाहून ठेवावा, आणि तो लालभडक होता की तपकिरी, हे त्यास आल्याआल्या सांगावे. जनावर दगावलेच तर खाल्लेल्या चाऱ्याचा व कोठ्यातील पदार्थाचा नमुना लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरावा, बर्फात ठेवावा आणि त्याच दिवशी रोगनिदान प्रयोगशाळेकडे रवाना करावा. उघड्या पिशवीतून दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या नमुन्यात आम्ल उडून गेलेले असते, आणि अहवालात काहीच सापडले नाही असे येते.